डोणगाव मुक्कामी राजाचा पीतांबर सुटला त्याची कैफियत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन आणि वाग्देवीची रजा घेवोन लिहिण्यास कारण ऐसे जे, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, फाल्गुन शुद्ध तृतीया, रविवारी तिसरे प्रहरी मौजे डोणगाव, तालुके मेहकर, येथील मंगल कार्यालयाचे रंगमंचावर जो प्रसंग गुदरला, त्याची वार्ता मेहकरापासोन शेगावापावेतो नाना मुखांनी नाना प्रकारे पसरली. कोणी म्हणे राजा रण सोडोन पळाला. कोणी म्हणे पडदा पाडिला म्हणोन अब्रू वाचली. कोणी तर छातीस हात लावोन सांगे की, हे सारे मूळ नाटकातच लिहिलेले होते. ऐसे असता खरे वर्तमान लोपेल आणि खोटे राहील, म्हणोन ज्यांणी प्रत्यक्ष पाहिले त्यांस पुसोन, आणि ज्यांणी तत्क्षणी डोळे मिटिले असे शपथेवर सांगितले त्यांस अधिक बारकाईने पुसोन, हा मजकूर सिद्ध केला असे.

डोणगावी श्रीशारदा संगीत नाट्य मंडळ म्हणोन पुरातन संस्थान होते. त्याचा अंमल एके काळी पंचक्रोशीवर चाले. परंतु चाळीस वर्षांमागे टीव्हीची स्वारी आली आणि संस्थान बुडाले, आणि मुकुट, दाढ्या व लाकडी तरवारी पेटाऱ्यात पडोन राहिल्या. मग चालू साली गावचे चिरंजीव हर्षल हे पुण्यास नाट्यविद्या शिकोन परत आले आणि त्यांणी बेत केला की, मंडळाचे जुने गाजलेले नाटक ‘संगीत त्यागमुकुट’ पुन्हा उभे करावे. नाटकाचा विषय इतकाच की, हेमकेतु नामे राजा वैराग्य पावतो आणि तिसरे अंकी भर दरबारी भीमपलासात दीर्घ पद गाऊन आपला मुकुट प्रधानाचे हवाली करितो. फौज जमली, राणी मिळाली, प्रधान मिळाला; परंतु ते पद पेलील ऐसा राजा कोठेही मिळेना.

तों एके सकाळी विमलबाई या हर्षल यांचे अंगणी येवोन उभ्या राहिल्या. या बाई वय वर्षे सत्तावन्न, वांगी, मेथी व टमाट्यांचे मळ्याच्या धनीण, हाडाने मजबूत, बोलण्यात थोड्या. त्यांणी चहा घेतला नाही, बसल्या नाहीत, आणि इतकेच बोलिल्या की,

“आमच्या घरी एक राजा हाये. पाह्यजे असन त घेऊन जा.”

तो राजा म्हणजे बाईंचे यजमान शेषराव. बाईंचे मनातील गोष्ट या ठिकाणी लिहिणे अगत्याचे आहे, कारण पुढील सारी मोहीम तीवरच उभी राहिली. एकतीस वर्षांमागे शेषराव हे तरणे गवई होते आणि रोज संध्याकाळी पेटी घेवोन बसत. त्या साली त्यांची कन्या सुचिता तापाने फणफणली, आणि बाई लेकरू मांडीवर घेवोन बसल्या असता शेषरावांची तान काही थांबेना, आणि मग बाई रागाने बोलून गेल्या की, लेकराच्या जिवाहून गाणं मोठं असन त गाणंच करा. शेषरावांणी पेटी उचलिली, माळ्यावर ठेविली, आणि त्या दिवसापासोन घरात सूर म्हणोन निघाला नाही. कन्या बरी जाहली, शिकली, लग्न होवोन नांदू लागली. परंतु पेटी खाली आली नाही, आणि बाईंसही ती खाली काढा असे म्हणण्याचे धैर्य जाहले नाही. शेषराव कधी टोचोन बोलिले असते तर बाईंस भांडता आले असते. ते बोलिले नाहीत, हेच शल्य राहिले. मळ्यात पाणी देताना ते एकटे गुणगुणत, आणि बाई भाजीच्या जुड्या बांधीत मेथीचे वाफ्याआड बसोन ऐकत. हे वर्तमान शेषरावांस ठाऊक नव्हते.

असो. शेषराव राजपदी स्थापित जाहले आणि दोन मास तालीम चालली. मग पोशाखाची तजवीज करणे प्राप्त जाहले. अकोल्याहून भाड्याचा पीतांबर आला. तो नेसण्याचा नव्हता, शिवलेला होता, आणि कमरेस गाठीऐवजी चिकटपट्टी होती, जी लहान लेकरांचे बुटास लावितात आणि जी ओढिता चर्रकन् बोलते. जुने जाणते मान हलविते जाहले. परंतु हर्षल यांणी सांगितले की, नव्या काळी हाच शिरस्ता आहे.

दुसरे संकट रंगीत तालमीचे दिवशी उभे राहिले. दिव्यांचा झोत पडताच राजाचे पीतांबरातून निळ्या पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी सभागृहाचे शेवटचे रांगेपावेतो साफ दिसू लागली. हर्षल यांणी तालीम थांबविली आणि फर्मान सोडिले की, हेमकेतूचे काळी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या नव्हत्या, सबब त्यांची काहीतरी वाट लावावी. लंगोट बांधण्याची विद्या गावात कोणासच येईना. मग शेषराव हे सरळ मनाचे, हुकमाचे ताबेदार. त्यांणी दिग्दर्शकाचे बोल शिरसावंद्य मानोन प्रयोगाचे दिवशी चड्डी ती काढोन, घडी घालोन, पेटाऱ्यात ठेविली आणि वरोन केवळ पीतांबर चढविला. ही मसलत त्यांणी कोणासही कळविली नाही. विमलबाईंस देखील नाही.

रविवारी तीन वाजता नांदी जाहली. सभागृहात साडेतीनशे माणूस, पुढले रांगेत प्रमुख पाहुणे सभापती अविनाशराव, पांढराशुभ्र कुडता-पायजमा परिधान करोन, सत्काराची वाट पाहात बसले. पडद्याची दोरी विमलबाईंचे हाती होती. विहिरीचे पाणी ओढिलेले हात, यास्तव ती चौकी त्यांस नेमोन दिली होती. त्यांचे शेजारी मेजावर तबक, तबकात पाहुण्यांसाठी शाल व श्रीफळ. पलीकडे उभा पंखा फुल्ल वेगाने चालत होता.

दोन अंक सुखरूप पार पडले; पट्टे गेल्याने झोतातही पीतांबर पिवळाच दिसला. मग तिसरा अंक लागला आणि राजा हेमकेतु मध्यभागी येवोन उभा राहिला. त्याणे मुकुट उतरोन डावे हाती धरिला, उजवा हात कानास नेला, डोळे मिटिले आणि पद आरंभिले:

*सोडिला म्यां भार सारा, घे मुकुट हा मंत्रिवरा…*

सूर लागला तो ऐसा लागला की, मागले रांगेतील कुल्फी खाणारे कुल्फी हाती धरोन स्तब्ध जाहले. बाईंचे हातावर काटा आला. एकतीस वर्षे मेथीचे वाफ्याआडोन जे चोरोन ऐकिले, ते आज तमाम गाव उघडपणे ऐकत होता. मग अंतरा जाहला, आणि राजाने लांब तान घेण्यास पोटभर श्वास घेतला, आणि पोट वाढले, आणि पीतांबर वाढला नाही.

चर्रकन् आवाज जाहला. तबलजीने थाप मारोन तो झाकण्याचा यत्न केला. परंतु आवाज झाकला तरी पुढील गोष्ट झाकण्याजोगी नव्हती. पीतांबर घोट्यांपाशी येवोन पडला, आणि राजा हेमकेतु साडेतीनशे रयतेसमोर, कंठी मोत्यांची माळ, दंडी बाजूबंद, आणि कमरेपासोन खाली जैसा जन्मला तैसा उभा राहिला.

पंख्याचा वारा लागताच शेषरावांस वर्तमान समजले. बाईंणी पाहिले की, त्यांच्या पायांची बोटे आकसली. परंतु तान तुटली नाही. डावा हात हळूच खाली आला आणि मुकुट कमरेच्या आघाडीवर आणोन तेथेच त्याचे ठाणे बसविले. पिछाडी मात्र उघडी पडली. त्या बाजूस राणीसाहेब डिंपल, मेहकरी ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या, उभ्या होत्या. त्यांणी तत्काळ पाठ फिरवोन पडद्यावर रंगविलेल्या दरबाराकडे तोंड केले आणि त्यातील खांब मोजण्यास आरंभ केला.

सभागृही तीन पळे कोणी श्वास घेतला नाही. बायकांणी पदर डोळ्यांस लाविले. त्यात विरळ पदर किती होते याची नोंद नाही. एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्यास पुसते जाहले की, “नाटकातच हाये का हे?” शेजारी बोलिले, “आयक ना बे, गाऊन कसा राह्यला थो!” परंतु मागोन एक शिटी वाजली, आणि कोणी खिदळले, आणि हंगामा आता भडकतो की मग भडकतो ऐसे जाहले.

तों राजाने एक डोळा उघडिला आणि विंगेत बाईंकडे पाहिले. त्या नजरेत एकच पुसणे होते, थांबू का? बाईंचे काळजात चर्र जाहले. याच माणसास आपण एकदा थांब म्हटले होते, आणि तो थांबला होता, आणि पुन्हा म्हणोन पेटीस शिवला नव्हता. आता ‘हो’ म्हणावे तर अब्रू राहते आणि गाणे जाते. ‘नाही’ म्हणावे तर गाणे राहते आणि अब्रूचे काय होईल ते देव जाणे.

इतक्यात हर्षल हे मागील पडद्याआडोन धापा टाकीत आले आणि दोरीस झोंबले.

“काकू, पाडा! पाडा ना पडदा!”

“मांगं एकडाव पाडला होता म्या,” बाई बोलिल्या. “आता नाई पाडत.”

हर्षल यांस यातील काहीच उमगले नाही. बाईंणी त्यांचा हात दोरीवरोन सोडविला, दोरी भिंतीचे कडीस तीन गाठी मारोन जखडिली, आणि राजाकडे पाहोन तळहात उंच केला की, चालू द्या. राजाने डोळा मिटला आणि सूर वर नेला.

परंतु आता खरा गनीम निराळेच बाजूने चालून आला. प्रधान ज्ञानेश्वर हे निवृत्त पोस्टमास्तर, नियमाचे पक्के. प्रधानास चष्मा शोभत नाही म्हणोन त्यांणी तो काढिला होता, आणि चष्म्यावाचोन त्यांस दोन हातांपलीकडील काही दिसत नसे. संहितेत लिहिले होते की, ‘घे मुकुट हा’ हे शब्द येताच प्रधानाने पुढे येवोन मुकुट घ्यावा. शब्द आले. प्रधानजी मुकुट ठेवण्याचे तबक घेवोन पुढे आले आणि त्यांणी मुकुटास हात घातला.

राजाने मुकुट सोडिला नाही.

प्रधानजींणी ओढिला. राजाने घट्ट धरिला, आणि वेळ काढण्यासाठी तीच ओळ पुन्हा घेतली, निराळ्या तानेने. प्रधानजींस वाटले की, राजेसाहेबांस दुसरे आवर्तनी द्यावयाचा असेल. ते थांबले आणि सम येताच पुन्हा ओढिते जाहले. राजाने तिसऱ्यांदा ओळ घेतली. कोणी हसत होते ते ओठ मिटोन बसले, कारण मुखी त्याग आणि हाती मुकुट न सोडण्याची ही झुंज पाहोन लोकांस वाटले की, वैराग्य किती कठीण असते हेच राजा दाखवीत आहे. चौथ्यांदा ओळ आली तेव्हा पुढले रांगेतोन ‘वाहवा’ निघाली. पाचव्यांदा पेटीवाल्याचे डोळे पाणावले. जे मुरकीचे काम दोन मास तालमीत साधले नाही, ते निकडीने साधले.

इकडे विमलबाईंणी मेजावरील तबकातोन सभापतींची शाल उचलिली. मग त्यांणी चपला काढिल्या, कारण रंगमंच हे देवीचे ठाणे, आणि आयुष्यात प्रथमच त्यावर पाऊल ठेविले. अंगी रोजचे सुती पातळ, हाती जरीकाठी शाल. छातीत धडधड ऐसी की तबला ऐकू येईना; तरी त्या धावल्या नाहीत. धावले तर पळापळ दिसेल, आणि चालले तर नाटक दिसेल, हे त्यांस कोणी शिकविले नव्हते, आपसूकच कळले. लोकांणी ओळखले नाही. कोणी म्हणाले ही राजमाता, आणि एका बाईने बसल्या जागेवरोन हात जोडिले.

सहाव्यांदा ओळ चालू होती. प्रधानजींणी तबक बगलेत मारोन दोन्ही हातांणी मुकुट धरिला होता आणि राजाची बोटे एकेक करोन सुटत होती. इतक्यात बाई पिछाडीस पोचल्या. शाल मागोन कमरेभोवती टाकिली, पुढे आणिली, मुकुटाचे आतोन फिरविली, आणि बाजारास न्यावयाचे भाजीचे गाठोड्यास मारितात ती गाठ मारिली, जी बैलगाडी पालथी जाहली तरी सुटत नाही. मग राजाचे कानाशी हळूच बोलिल्या,

“बांधलं. सोडा आता मुकुट.”

राजाने सातव्यांदा तान घेतली, आणि ठीक समेवर मुकुट सोडिला. प्रधानजी सारे बळ लावोन ओढीत होते, ते मुकुटासह चार पावले मागे गेले, सिंहासनी जावोन बसले, आणि तेथोनही संहितेस अनुसरोन वदले की, जशी आज्ञा, महाराज.

मग टाळ्यांचा जो कडकडाट जाहला त्याचे वर्णन काय करावे. पत्रे हादरले. बाईंस परत कसे जावे ते उमगेना, म्हणोन त्या क्षणभर तेथेच उभ्या राहिल्या. मग रयतेस हात जोडोन, पडलेला पीतांबर उचलोन, काखेत मारोन चालत्या जाहल्या. चौथा अंक राजाने त्याच शालीवर केला. तो वनवासाचा होता, सबब कोणास काही खटकले नाही. सत्काराचे समयी सभापतींचे हाती केवळ श्रीफळ पडले.

येथे मोहीम संपली ऐसे म्हणावे तर तसे नाही. नाटक सुटताच बाईंस खबर लागली की, सभागृहात अकरा फोनांणी तो प्रसंग टिपिला आहे. त्या त्वरेने जावोन फाटकाचे एक दार लावोन दुसऱ्यात उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपकाचे रवी यांस पाचारिले आणि पुसिले की, गाणे तुझ्या यंत्रात उतरले का? रवी बोलिले, “हाव काकू, नुसता आवाज. एकदम साफ.” मग बाईंणी तहाचे कलम सांगितले: ज्याणे चित्र टिपिले असेल त्याणे ते समक्ष पुसोन टाकावे, आणि बदल्यात रवीपासोन आवाज घेवोन जावा. बसगाडीची वेळ होत आलेली, फाटकात बाई उभ्या. एकेक करोन दहा फोन रुजू जाहले, आणि दहांसही सातही तानांसह पद मिळाले.

अकरावा फोन सभापती अविनाशरावांचा निघाला. त्यांणी मान ताठ केली.

“विमलबाई, मी पावना हाये तुमचा. माह्या फोनले हात लावता?”

“पावन्याच्या फोनले मी काऊन हात लावू? तुमीच पुसा. मी पायते.”

“अन् नाई पुसलं त?”

बाईंणी सभापतींचे पायजम्याकडे एकवार पाहिले. “उद्या तुमी भाषणाले उभे राह्यसान. नाडा काई कोनाचा सगा नसते, भाऊ. थ्या दिवशी माह्या हातात बी फोन असन.”

सभापतींचा हात न कळत नाड्याकडे गेला. त्यांणी फोन काढिला, चित्र पुसिले, पुसलेल्याचे डब्यातोनही पुसिले, आणि मग रवीपुढे फोन धरोन खालचे आवाजात बोलिले की, मलेही द्या आवाज, गायले मात्र जबरदस्त. तह पुरा जाहला आणि फाटक उघडिले.

सूर्य अजून मावळला नव्हता. बाई रंगपटात आल्या तों शेषराव पेटाऱ्यावर बसलेले, अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच, शाल दोन्ही मुठींत आवळोन धरिलेली. बाकीची मंडळी चहास गेली होती.  शेषरावांणी मान वर न करिता पुसिले,

“दिसलं का वं सगळ्यायले?”

खोटे बोलावे ऐसे बाईंचे मनात आले, परंतु बोलिल्या नाहीत.

“हाव. दिसलं.” त्या त्यांचे शेजारी पेटाऱ्यावर बसल्या. “पन आयकलं बी सगळ्यायनं.”

शेषरावांच्या मुठी सैल जाहल्या. थोड्या वेळाने, गवई तो गवईच, त्यांणी चाचरत पुसिले,

“सातवी तान कशी झाली?”

“सहावी चांगली होती,” बाई बोलिल्या. “सातवीत दम कमी पडला.”

शेषराव बायकोकडे पाहातच राहिले. सहावी कोणती आणि सातवी कोणती, हे मोजणारे मनुष्य एकतीस वर्षे आपल्याच घरी भाजी निवडीत बसले होते, ही खबर त्यांस त्या दिवशी लागली. मग त्यांणी तेथेच, पेटाऱ्यावर बसल्या बसल्या, सातवी तान दुरुस्त करोन पुन्हा घेतली, आणि बाईंणी ती डोळे मिटोन ऐकिली, आणि मान हलविली की, आता बरोबर.

येणेंप्रमाणे फाल्गुन शुद्ध तृतीयेस डोणगावची मोहीम विमलबाईंचे हातोन फत्ते जाहली. राजा उघडा पडला, परंतु बेसूर जाहला नाही. पद अपुरे राहिले नाही. अकरा फोन शरण आले. जीवितहानी काही नाही.